तिसऱ्या मजल्यावरची मालकीण

आमच्या लहान मुलांच्या वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरना सगळं हॉस्पिटल मागून ‘पारा’ म्हणायचं. तोंडावर म्हणायची छाती कुणाची नव्हती. सलाइनची बाटली वेळेत बदलली नाही की पारा चढायचा. डॉक्टरांनी केसपेपरवर कोंबडीचे पाय काढले की चढायचा. बापाने तपासणीच्या मध्येच मोबाईल कानाला लावला तर त्या तो मोबाईल काढून स्वतःच्या खिशात टाकायच्या आणि तपासणी संपल्यावरच परत द्यायच्या. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं काढली. त्यांच्या शिव्या खाऊनच मी नर्स झाले असं म्हटलं तरी चालेल. हा राग एकदा त्यांच्या स्वतःवरच उलटला, तेव्हा मी शेजारी उभी होते.

नवरा लवकर गेला होता, मुलगी लग्न होऊन दूर गेली होती. निवृत्तीला पाच वर्षं उरली तेव्हा सिस्टरनी हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर दोन खोल्यांची जागा घेतली. स्वतः राहत होत्या ते घर वेगळं. ही जागा भाड्याने द्यायची, म्हातारपणी कुणापुढे हात पसरायला नको, एवढाच हिशेब. व्यवहार बघायला होता त्यांच्या जावेचा भाऊ. तो जागा भाड्याने लावून द्यायचा धंदा करायचा. सगळे त्याला भाऊच म्हणायचे, म्हणून सिस्टरही म्हणायच्या.

हा भाऊ भाडेकराराचे कागद घेऊन थेट वॉर्डात यायचा. एकदा माझ्या देखत आला होता. सिस्टर औषधाच्या ट्रॉलीवर कागद ठेवून भराभर सह्या करत होत्या.

“भाडेकरू कोण आहे, एकदा भेटायला हवं का?” त्यांनी विचारलं.

“अजिबात नको, ताई,” भाऊ म्हणाला. “मालकाने भाडेकरूला तोंड दाखवू नये. तोंड दाखवलं की रडगाणं सुरू. नळ गळतो, दार घासतं, खिडकी लागत नाही. तुम्ही तुमचं काम बघा. मी आहे ना.”

सिस्टरना बरंच वाटलं. वॉर्डात आधीच तीस पोरं रडत होती, त्यात आणखी कुणाचं ऐकायचं? दर महिन्याला भाडं जमा होत होतं. वर्षभरात त्यांनी त्या जागेचं कुलूपही पाहिलं नाही.

त्याच वर्षी आमच्याकडे एक मुलगी येऊ लागली. साडेचार वर्षांची. श्वास लागायचा, छातीतून शिट्टी वाजायची. आम्ही तिला टकळी म्हणायचो, कारण तोंडावर वाफेचा मास्क लावला तरी तिची टकळी थांबायची नाही. “सिस्टर, हा धूर कुठून येतो? तो पोटात गेला तर पोटात ढग होतो का?” असलं काहीबाही. पहिल्यांदा आली तेव्हा अर्ध्या तासात बरी होऊन घरी गेली. दोन महिन्यांनी पुन्हा आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा टकळी गप्प होती. ओठ निळसर पडले होते, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती, आणि ती नुसती आमच्याकडे बघत होती. बोलायला लागणारा श्वासच तिच्याकडे उरला नव्हता.

ऑक्सिजन लावला, वाफ दिली, डॉक्टर आले, इंजेक्शन झालं. तासाभराने तिचा रंग परत आला. मग सिस्टरनी तिच्या आईला बाजूला घेतलं. आई पंचविशीतली असेल. कपड्यांच्या दुकानात हिशेबाला होती, त्या दिवशी कामावरून तशीच धावत आली होती.

“घरात कोणी सिगारेट ओढतं?”

“नाही.”

“कुत्रं, मांजर, कबुतरं?”

“काही नाही.”

“घरात ओल आहे का?”

आई कोरडं हसली. “घरात ओल नाही, सिस्टर. ओलीत घर आहे.”

तिने मोबाईलवर फोटो दाखवला. भिंतीवर छतापासून पलंगापर्यंत काळे डाग पसरले होते, कढईला खाली काजळी धरते तसे. त्या डागांना लागून उशी होती आणि उशीवर चिंध्यांची बाहुली.

पारा चढला. मी सहा वर्षांत इतका चढलेला पाहिला नव्हता. “हे पोर या भिंतीला नाक लावून झोपतं? आणि मालक काय करतो, झोपा काढतो?”

“मालकीण आहे. परगावी असते म्हणे. आम्ही तिला कधी पाहिलं नाही. एजंटला आठ वेळा सांगितलं. एकदा येऊन वरून रंग मारून गेला. महिन्यात पुन्हा काळं. परत फोन केला तर म्हणाला, मालकीणबाईंचा निरोप आहे, पटत असेल तर राहा.”

“अशा बायकांना त्याच खोलीत महिनाभर कोंडलं पाहिजे,” सिस्टर म्हणाल्या. वॉर्डातल्या सगळ्या आया ऐकत होत्या. “भाडं घ्यायला हात पुढे आणि दुरुस्तीला पाय मागे. जागा घ्यायची अक्कल असते, सांभाळायची नसते. पत्ता सांग मला. डॉक्टरांकडून हॉस्पिटलच्या कागदावर लिहून घेते, ही मुलगी त्या भिंतीमुळे आजारी आहे म्हणून. बघू कशी ऐकत नाही ती.”

त्यांनी पेन काढलं. आई सांगू लागली. “पाण्याच्या टाकीमागची गल्ली. पिवळी इमारत. तिसरा मजला, लिफ्टसमोरचं दार.”

सिस्टरचं पेन थांबलं.

“नंबर?”

“तीनशे दोन.”

सिस्टरनी पेनाला टोपण लावलं. पेन खिशात ठेवलं. मला म्हणाल्या, “मास्क नीट धर, बाजूने वाफ जातेय.” आणि बेसिनपाशी जाऊन हात धूत राहिल्या. ऑपरेशनला जाणारा डॉक्टर धुतो तसे, कोपरापर्यंत, कितीतरी वेळ.

दुपारी जेवायच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडलाच नाही. “तीनशे दोन माझी जागा आहे,” त्या म्हणाल्या. “ती कोंडायची बाई म्हणजे मी.”

 तो पत्ता केसपेपरवर छापलेला होता. तो कागद आम्ही दोघींनी तीनदा हातात घेतला होता. पण नर्स वजन बघते, औषधाचं प्रमाण बघते. पत्ता कोण वाचतं?

“पण तो निरोप तुम्ही दिलाच नसेल,” मी म्हणाले. “भाऊने आपल्या मनाने सांगितलं असेल.”

“तो नाही दिला. पण एकदा त्याचा फोन आला होता. थोडी ओल आहे म्हणाला. इकडे सात पोरं तापाने फणफणत होती. मी म्हटलं, तुम्हीच बघा, फार खर्चात पाडू नका. आणि फोन ठेवला.” त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. “त्याने तेच तर केलं. खर्चात पाडलं नाही.”

संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर म्हणाल्या, “चल माझ्याबरोबर.” टकळीला दिवसभर नजरेखाली ठेवून, श्वास मोकळा झाल्यावर औषधं देऊन घरी सोडलं होतं, आतल्या खोलीत झोपवायचं नाही अशी ताकीद देऊन.

दार आईनेच उघडलं. आम्हाला बघून तिचा चेहरा उजळला. तिला वाटलं सिस्टर पुरावा बघायला आल्या आहेत, मालकिणीशी भांडायला. “या, या, बघाच तुम्ही,” म्हणत तिने आम्हाला आत नेलं. आतल्या खोलीत पाऊल टाकताच ओल्या पोत्यासारखा वास नाकात शिरला. भिंतीवर तिच्या नवऱ्याने प्लॅस्टिकचा कागद चिकटवला होता. त्याच्या आत पाण्याचे थेंब जमले होते. कपाट हात-दीड हात पुढे ओढलेलं. कपाटात मागच्या बाजूला ठेवलेल्या मुलीच्या स्वेटरवर हिरवट लव उगवली होती. सिस्टरनी प्लॅस्टिक उचलून भिंतीला अंगठा लावला. गिलावा ओल्या साखरेसारखा खाली आला.

“आता सांगा, ती बाई माणूस आहे का,” आई म्हणाली, आणि पाण्याचा ग्लास पुढे केला.

सिस्टरनी पाणी घेतलं नाही. “ती बाई मी आहे,” त्या म्हणाल्या. “जागा माझी आहे. तू इथे राहतेस हे मला आज कळलं. भिंत अशी आहे हेही आज कळलं. पण मी विचारलं असतं तर आधीच कळलं असतं.”

आईने ग्लास खाली ठेवला. बाहेरच्या खोलीत टकळी बाहुलीला इंजेक्शन देत होती, तिचा बारीक आवाज येत होता.

“तुम्ही तिच्या तोंडावर मास्क धरायचा,” आई शेवटी म्हणाली, “आणि मी तिला परत इथे आणून झोपवायचं. मला तुमच्याशी भांडायचंय, सिस्टर. पण माझी पोर तुम्हीच वाचवली. मी आता कुणाशी भांडू?”

“माझ्याशीच भांड.”

“मग ऐका.”

आणि ती भांडली. पाऊण तास. पहिला फोन कधी केला, दुसरा कधी, एजंट काय म्हणाला, रंगवाला कसा ओल्या भिंतीवरच ब्रश फिरवून गेला. दुसरी जागा बघायला गेलं तर डिपॉझिट कुठून आणायचं, आधीचं इथे अडकलेलं. मुलीच्या आजारपणात खाडे झाले म्हणून दुकानातून मिळालेली तंबी. सासू म्हणायची, तुलाच घर स्वच्छ ठेवता येत नाही, म्हणून पोर आजारी.  मधे दोनदा तिने “तुम्ही” सोडून “तू” म्हटलं. डॉक्टरांनाही उलट उत्तर देणाऱ्या आमच्या सिस्टर मान खाली न घालता, तिच्या डोळ्यांत बघत सगळं ऐकून घेत होत्या. मला मात्र तिथून पळून जावंसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सिस्टरनी सहा वर्षांत पहिल्यांदा रजा टाकली. भाऊच्या ऑफिसात काय झालं ते मला त्यांनीच सांगितलं. भाऊने आधी चहा मागवला, मग समजूत काढायला लागला. “ताई, भाडेकरूच्या प्रत्येक फोनला धावलो तर धंदा कसा होईल? दहा तक्रारींतल्या नऊ आपोआप मिटतात.”

“दहावी निळी पडून माझ्या वॉर्डात आली,” सिस्टर म्हणाल्या. “माझ्या नावाने निरोप कुणी दिला? मी परगावी असते हे कुणी ठरवलं?”

“असं सांगावं लागतं, ताई. आणि तुम्हीच म्हणाला होता, खर्चात पाडू नका.”

“म्हणाले होते. म्हणून तर तुम्हाला मारत नाहीये. किल्ल्या द्या. त्यांचे नंबर द्या. आणि आजपासून माझ्या दाराला हात लावू नका.”

जावेचा फोन आला, नातं तुटेल म्हणून. सिस्टर म्हणाल्या, तुटू दे, जोडणारा गवंडी मिळेल. पोरीची छाती जोडणारा मिळत नाही.

आता प्रश्न होता पाणी येतं कुठून. प्लंबर म्हणाला, वरच्या मजल्यावरच्या बाथरूममधून. वर राहायचे एक निवृत्त प्राध्यापक. दार अर्धंच उघडून म्हणाले, “आमच्याकडे थेंबही गळत नाही. तुमच्या भिंतीला तुम्हीच पाणी घातलं असेल.” सोसायटीचा सेक्रेटरी म्हणाला, हा दोन मालकांमधला वाद आहे, आम्ही पडत नाही.

सिस्टरनी त्यांच्याशी वाद घातला नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी जेन्शन व्हायोलेटची बाटली आणली. पोरांच्या तोंडात फोड आले की लावायचं ते जांभळं औषध, कपड्याला लागलं की जन्मात निघत नाही. प्राध्यापकांच्या दारात जाऊन म्हणाल्या, “तुमच्याकडे गळत नाही ना? मग हे बाथरूमच्या जाळीत ओता. गळत नसेल तर गटारात जाईल, तुमचं काही बिघडणार नाही. मी सेक्रेटरींना घेऊन आले आहे, त्यांच्या समोर ओता.” सेक्रेटरी चपला घालतच आला होता, त्याला नाही म्हणता येईना. प्राध्यापकांनाही. बाटली रिकामी झाली, वर दोन बादल्या पाणी गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तीनशे दोनच्या छताला टपोरा जांभळा डाग पडला होता. सिस्टरनी सेक्रेटरीला कामाला जाण्याआधी गाठून तो दाखवला. प्राध्यापक आले, वर बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “बाथरूम फोडावं लागेल.” सिस्टर म्हणाल्या, “तेच वर्षापूर्वी करायला हवं होतं. माझीही तेवढीच चूक आहे, तुम्ही एकटेच लाजू नका.”

वरचं बाथरूम फुटलं, नवा पाइप पडला. खालची भिंत विटेपर्यंत खरवडली. गवंड्याने चार दिवसांत गिलावा करतो म्हटलं. सिस्टर म्हणाल्या, वीट वाळल्याशिवाय त्यावर काहीही चढणार नाही, घाई असेल तर दुसरीकडे जा. तीन आठवडे पंखा लावून भिंत वाळवली. तेवढे दिवस टकळी आणि तिचे आईवडील तिच्या मावशीकडे राहिले. त्या काळाचं भाडं सिस्टरनी घेतलं नाही. आई म्हणाली, उपकार नकोत. सिस्टर म्हणाल्या, “उपकार कसले? राहण्यासारखी जागा दिली नाही तर भाडं कशाचं?”

काम संपल्यावर त्यांनी आईला बोलावून भिंत दाखवली. आईने हात लावून पाहिला, वास घेतला.

“चांगली झाली,” ती म्हणाली. “पण आम्ही जातोय. दुसरी जागा बघितली आहे. इथे मला झोप लागणार नाही.”

सिस्टरना वाईट वाटलं, पण त्यांनी सगळं डिपॉझिट तिथल्या तिथे परत दिलं. भाऊने मधे निरोप धाडला होता, प्लॅस्टिक लावताना भिंतीवर चिकटपट्टीचे डाग पाडलेत, त्याचे पैसे कापा. तो निरोप वाचून सिस्टरनी मोबाईल टेबलावर इतक्या जोरात ठेवला की काचेला तडा गेला.

दोन महिन्यांनी टकळी तपासणीला आली. आता बरी होती, ओपीडीच्या बाकावर उभी राहून शेजारच्या आजोबांना काहीतरी पढवत होती. त्या आठवड्यात आम्हा दोघींची ड्यूटी ओपीडीच्या खिडकीवर होती. आमच्या खिडकीसमोर रांग छोटी होती, पलीकडच्या खिडकीसमोर लांबच लांब. आईने आमच्याकडे बघितलं, मान किंचित हलवली, आणि मुलीचा हात धरून पलीकडच्या रांगेत जाऊन उभी राहिली. सिस्टर म्हणाल्या, “बरोबर आहे तिचं,” आणि पुढचं नाव पुकारलं. त्या दिवशी त्यांनी दोन शिकाऊ नर्सना रडवलं.

हे सगळं मी सांगते आहे कारण गेल्या वर्षी मी आणि माझ्या नवऱ्यानेही एक खोली घ्यायचं ठरवलं, भाड्याने द्यायला. सिस्टर तेव्हा निवृत्त झाल्या होत्या. मी नुसता सल्ला विचारला होता. त्या पायात बूट घालून जागा बघायलाच निघाल्या.

विकणाऱ्याने ताजा रंग मारला होता. “ताजा रंग म्हणजे आधी संशय,” सिस्टर त्याच्या तोंडावर म्हणाल्या. बोटाच्या पेराने भिंती ठोकत गेल्या. कपाट सरकवायला लावलं. मग सरळ वरच्या मजल्यावर जाऊन अनोळखी माणसाची बेल वाजवली. “नमस्कार. तुमचं बाथरूम बघायचंय.” तो माणूस इतका गोंधळला की त्याने दाखवलंसुद्धा. खाली येऊन म्हणाल्या, “ही घे. वरचा माणूस नीटनेटका आहे, आणि जाळीभोवतीची फरशी फुटलेली नाही.”

रस्त्यात मी विचारलं, भाडेकरू ठेवताना काय बघायचं?

“आधी स्वतःला बघ,” त्या तडकल्या. “सगळे विचारतात भाडेकरू कसा ओळखायचा. मालक कसा ओळखायचा हे कुणी विचारत नाही. तुला फोन उचलायला वेळ आहे का? नसेल तर पैसे बँकेत ठेव, बँकेच्या भिंतीला ओल येत नाही. भाडेकरूला स्वतः भेट, तुझा नंबर तुझ्या हाताने दे. एजंटने माणूस आणून द्यावा, घर चालवू नये. किल्ली देताना दोघांनी मिळून सगळ्या खोल्यांचे फोटो काढा, म्हणजे निघताना कुणी कुणाला चोर म्हणणार नाही. नळ कुणी दुरुस्त करायचा, बल्ब कुणी, छत कुणी, ते करारात लिही. सही करण्याआधी वाच, माझ्यासारखी ट्रॉलीवर करू नकोस. भाड्यातलं थोडं दुरुस्तीसाठी बाजूला टाक. ते पैसे तुझे नाहीत, भिंतीचे आहेत.”

“आणि सारखं जाऊन बघू का?”

“बघ, पण आधी विचारून. किल्ली आहे म्हणून कुणाच्या संसारात घुसायचा हक्क मिळत नाही.”

हा नियम त्यांना स्वतःला पाळायला जड जातो. तीनशे दोनमध्ये आता दोन तरुण शिक्षिका राहतात. त्यांतली एक मला परवा भाजीच्या दुकानात भेटली. म्हणाली, “तुम्ही त्यांच्या ओळखीच्या ना? जरा सांगा त्यांना. दर रविवारी फोन करून विचारतात, भिंत कशी आहे म्हणून. भिंत छान आहे. आम्हाला रविवारी जरा उशिरापर्यंत झोपायचं असतं.”

मी फोन करून निरोप पोचवला. पलीकडून सिस्टरचा आवाज चढला. “झोपू दे की मग. मी काय पलंगावरून ओढते त्यांना?” मग स्वतःच म्हणाल्या, “सोमवारी करीन.”